शनिवारचा ऐकायचा तास

मागच्या महिन्यात एका समारंभात मला खुर्चीत बसवून ठेवलं होतं. निवृत्त शिक्षिका म्हणून हातात नारळ दिला होता. माझ्या आधी एक गृहस्थ बोलायला उभे राहिले. झब्बा कडक इस्त्रीचा, आवाज कमावलेला. म्हणाले, "लहान मुलांना, त्यातही आडगावच्या मुलांना, शास्त्रीय संगीत कळत नसतं. त्यांच्यापुढे ते वाजवणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं." लोकांनी टाळ्या दिल्या. माझं डोकं असं तापलं की हातातला नारळ तिथेच टेबलावर ठेवला आणि उठून घरी आले. सून म्हणाली, "आई, एवढं चिडण्यासारखं काय झालं?" तिला काय सांगू. तिनं भेंडारे गुरुजींना पाहिलेलं नाही.

मी पाहिलं आहे. पुरती दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. तेव्हा तो चांदा जिल्हा होता. चंद्रपूर म्हणायची पद्धत नव्हती आणि गडचिरोली वेगळी निघायला अजून बराच अवकाश होता. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, जाऊन दोनतीन वर्षं झाली असतील. नागभीडला गाडीतून उतरायचं आणि तिथून बैलगाडीनं चार कोस. गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्यांनी हे केलं त्यांची नातवंडं तिथे सुखानं नांदताहेत, आणि त्यांचा काही दोष नाही. धानाची शेतं, मोठं तळं, तळ्याच्या पाळीखाली मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती, आणि पलीकडे जंगल. शाळा दोन खोल्यांची. एकीत पहिली-दुसरी, ती माझी. दुसरीत तिसरी-चौथी, ती गुरुजींची.

मी एकोणीस वर्षांची होते. नागपूरला शिक्षकीचं नॉर्मल स्कूल केलेलं, वर पेटीच्या दोन परीक्षा दिलेल्या. वडील नव्हते, आई आणि दोन धाकटे भाऊ माझ्या पगाराकडे डोळे लावून. हे आधीच सांगून ठेवते, पुढे निमित्त म्हणून सांगितलं असं वाटायला नको.

गुरुजी दिसायला अगदी चारचौघांसारखे. काळे, बुटके, गुडघ्यापर्यंत धोतर, दाढी चार दिवसांची. बोलणं अस्सल त्या झाडीपट्टीतलं. शुद्ध मराठी फक्त पुस्तक वाचताना, तेही ओठ आवळून. आणि गाणं? देवा रे. सकाळची प्रार्थना ते सुरू करायचे ती एका पट्टीत आणि दुसऱ्या ओळीला स्वतःच भलतीकडे जायचे. पोरं बिचारी मधे कुठेतरी त्यांना गाठून परत आणायची. मी पेटीवाली, मला हसू आवरायचं नाही. ते म्हणायचे, "हासा बाई, हासा. मले गाता येत नाई हे मले मालूम आहे. पन मले आयकता येते."

ते खरं होतं, आणि ते किती खरं होतं हे कळायला मला वर्ष गेलं.

त्यांच्याकडे एक फोनो होता. चावीचा, मोठ्या कर्ण्याचा. आधी ते जंगलातल्या एका डाकबंगल्याजवळच्या शाळेत होते. तिथला गोरा जंगलसाहेब देश सोडून जाताना त्यांना हा फोनो आणि तबकड्यांच्या दोन पेट्या देऊन गेला. का दिल्या, हे गुरुजींनी कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणत, "तो रोज पाच वाजता लावे. मी बाहेर कुंपनाजवळ उभा राहो. सा महिन्यानं त्यानं मले खुर्ची देल्ली." पेट्यांत विलायतेकडची नाटकातली गाणी होती, बायका-पुरुष गळा फोडून गातात ती. पितळी वाद्यांचा धुडगूस होता, ज्याला तिकडे जाझ म्हणतात हे मला पुढे कळलं. आणि आपल्याकडची खयाल-ठुमरीची जुनी ध्वनिमुद्रणं होती, साहेबानं नागपुरातून जमवलेली. गुरुजींनी हा सगळा पसारा बैलगाडीत कडब्यावर ठेवून आणला आणि शाळेत मांडला. घरी नाही ठेवला. "घरी मी एकटाच आयकीन," म्हणत.

दर शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना झाली की पहिला तास ऐकायचा. वेळापत्रकात त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात तसंच लिहिलं होतं, 'ऐकणे'. दोन्ही खोल्यांतली पोरं एकत्र. कोणी भिंतीला टेकलेलं, कोणी पालथं झोपलेलं, कोणी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन. कसंही बसा. नियम एकच, तबकडी सरेपर्यंत उठायचं नाही आणि बोलायचं नाही. गुरुजी त्या दिवशी तंबाखू खात नसत. तबकडी जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसायचे, अशी की तान्ह्या पोराचं अंग पुसताहेत.

तबकडी सरली की विचारायचे, "काय दिसलं?" काय होतं ते नाही विचारायचे, कोणी गायलं तेही नाही. आणि पोरानं काहीही सांगितलं तरी त्यांचं उत्तर एकच, "बरं." चूक नाही, बरोबर नाही. पण त्या बरंमध्ये इतके प्रकार होते की पोरांना ते सगळे पाठ. लांब बरं आलं की पोरगं दिवसभर फुगलेलं असायचं.

जाझची तबकडी पहिल्यांदा लावली तेव्हा एक पोरगा म्हणाला, "गुर्जी, लग्नातले वाजंत्री भांडून राह्यले." दुसरा म्हणाला, "सारे आपआपलंच वाजवून राह्यले." मग एक लहानगी म्हणाली, "पन शेवटी जमलं त्याईचं." तिला लांब बरं मिळालं. मी नंतर कितीतरी वर्षांनी एका विद्वानाचं या संगीतावरचं व्याख्यान ऐकलं. तासभर बोलले आणि त्या पोरीनं सांगितलं त्यापेक्षा जास्त काही सांगितलं नाही.

विलंबित खयाल लावला तर एक पोरगा म्हणे, "आजा खाटेवर कुथून राह्यला." सगळा वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत, रागावले नाहीत, म्हणाले, "बरं." पुढच्या शनिवारी तीच तबकडी. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा तीच. पाचव्या की सहाव्या खेपेला तोच पोरगा म्हणाला, "आता नाई कुथत. आता तो कोनाची तरी वाट पाहून राह्यला." मी मागे बसले होते. माझ्या पेटीच्या दोन परीक्षांत मला कोणी असं काही ऐकायला शिकवलं नव्हतं.

मला तेव्हा आपली विद्या दाखवायची फार हौस. एका शनिवारी गाणं सरलं आणि मी पटकन म्हटलं, "मुलांनो, हा भूप राग बरं का. यात मध्यम आणि निषाद नसतात." गुरुजी मला पोरांसमोर काही बोलले नाहीत. सुट्टीत मात्र असे कडाडले की मला रडू फुटलं. "बाई, तुमी त्याईले नाव सांगून टाकलं. आता ते कायले आयकतीन? नाव भेटलं का मानूस आयकनं बंद करते." मी म्हटलं, नावं कधीतरी सांगावीच लागतील ना. म्हणाले, "सांगू ना. ते विचारतीन तवा सांगू. काऊन घाई करता?" दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नसावं.

सुयांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. फोनोला पोलादी सुई लागते आणि एक सुई एकदाच वापरायची असते, नाहीतर ती तबकडी खरवडते. साहेबाच्या सुया सरल्या. नागपूरहून मागवायच्या तर महिने जायचे. गुरुजींनी बाभळीचा काटा लावून पाहिला, बोरीचा लावून पाहिला. शेवटी शाळेसमोर सुपं-टोपल्या विणायला बसणाऱ्या सीताबाई बुरडिणीकडे गेले. तिनं वाळल्या बांबूची वरची कडक साल घेतली, तिची तिधारी बारीक काडी तासली, तेलात भिजवून ठेवली आणि दिली. वाजली की हो. आवाज जरा हलका, पण गोड. तेव्हापासून दर शुक्रवारी सीताबाई सुया तासून द्यायची आणि शनिवारी काम टाकून खिडकीशी येऊन उभी राहायची. बदल्यात काही घ्यायला तयार नव्हती. "माह्या सुईवर गाते ते बाई," म्हणायची, "मी नाई आयकू तं कोन आयकन?"

आता भुरीचं सांगते, कारण या सगळ्याचा जीव तिच्यात आहे.

भुरी मारबते. ढिवरांची पोर, आठ वर्षांची. तिचा बाप आदल्या आषाढात डोंगा घेऊन तळ्यात जाळं काढायला गेला, वारं सुटलं, आणि तो परत आला नाही. भुरीची आई दोन दिवस पाळीवर उभी राहून त्याला हाका मारत होती. तेव्हापासून भुरी बोलेनाशी झाली. शाळेत पाठवली तर कोपऱ्यात बसायची, पाटीवर रेघा ओढायची. हजेरीत नाव घेतलं तरी 'हजर' म्हणायची नाही. मी ठरवून टाकलं होतं की ही पोर मंद आहे. गुरुजी म्हणाले, "राहू द्या. आयकून राह्यली ना?"

आठवड्याचे पाच दिवस ती यायची नाही, मासे घेऊन आईबरोबर बाजाराला जायची. शनिवारी मात्र सगळ्यांच्या आधी हजर. एका शनिवारी गुरुजींनी ती तिकडच्या नाटकातल्या बाईची तबकडी लावली. पोरं नेहमी तिला हसायची, 'बोंबलनारी बाई' म्हणायची. ती सरली, गुरुजींनी विचारलं, काय दिसलं, आणि कोपऱ्यातून आवाज आला, "तिचा मानूस तळ्यात गेला. ते त्याले बलावून राह्यली." सगळ्या वर्गानं वळून पाहिलं. भुरीचा आवाज शाळेत त्याआधी कोणी ऐकलाच नव्हता. गुरुजींनी फडकं उचललं, तबकडी पुसली, परत पुसली. मग म्हणाले, "बरं."

त्या दिवसापासून कोणी त्या बाईला हसलं नाही. आणि भुरी हळूहळू रोज यायला लागली. सहा महिन्यांत ती वाचायला लागली.

आणखी एक खोड पोरांना लागली होती. खूप जुन्या तबकड्यांत गाणं संपता संपता गाणारी बाई मोठ्यानं आपलं नाव सांगायची. पोरांना ते फार आवडलं. धडा वाचून झाला की तेही नाव सांगायला लागले, अख्खं, बापासकट. "मी भुरी सुकरू मारबते." माझ्या वर्गात तर पाढे म्हणून झाल्यावरही नावं. मी आधी दटावलं, मग सोडून दिलं. ज्यांना गावात 'ए ढिवऱ्या', 'ए पोट्टे' याखेरीज कोणी हाक मारत नव्हतं, त्यांना आपलं नाव मोठ्यानं म्हणायची जागा मिळाली होती. मला त्यात काही वाईट दिसलं नाही.

मालगुजाराला दिसलं. मालगुजारी गेली होती, पण गाव त्याला मालगुजारच म्हणायचं आणि शाळा समितीचा अध्यक्षही तोच. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली चौथीच्या एका पोरानं कविता म्हटली आणि शेवटी छाती काढून आपलं नाव सांगितलं. हा पोरगा मालगुजाराच्या सालदार गड्याचा. मालगुजार खुर्चीतून म्हणाला, "तुले नाव कोनं इचारलं बे?" पोरगा गांगरला. गुरुजी शांतपणे म्हणाले, "कोनी नाई इचारत भाऊ, मनून तं सांगते." तिथे पहिली ठिणगी पडली.

दुसरी दिवाळीनंतर पडली. मालगुजाराच्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात करायचं ठरलं. त्याचा माणूस शाळेत आला, म्हणे फोनो पाहिजे, चार दिवस मांडवात वाजवायचा आहे. गुरुजींनी नाही म्हटलं. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, गुरुजी, देऊन टाका, कशाला वाकड्यात शिरता. म्हणाले, "चार दिवस एकाच सुईवर वाजवतीन. तबकडी भाजीच्या तव्यावानी करून देतीन. आन मांडवात कोन आयकते? तिथी सारे जेवाले येतेत." मालगुजाराच्या माणसाला त्यांनी एवढंच सांगितलं, "हे लेकराईचं आहे. लेकराईले इचारा." त्यानं पोरांना विचारलं नाही. तो तरातरा निघून गेला.

पंधरा दिवसांत गावात बोलवा उठली की मास्तर इंग्रजी भजनं ऐकवून पोरं बाटवतो आहे. ज्यांनी ही बोलवा उठवली त्यांच्यापैकी एकानंही त्या नाटकातल्या बाईची तबकडी ऐकली नव्हती. शाळेची खिडकी सताड उघडी असायची, सीताबाई तिथे उभी असायची, कोणीही येऊन ऐकू शकत होतं. पण ऐकायचं कशाला? तक्रार करायला ऐकावं लागत नाही. अर्ज चांद्याला गेला.

शाळा तपासणारे डिप्टीसाहेब आले ते सरळ मालगुजाराकडे जेवायला. दुपारी हात पुसत शाळेत आले, मागे मालगुजार. गणित घेतलं, पोरांनी धडाधड उत्तरं दिली. वाचन घेतलं, चांगलं झालं. साहेबांच्या चेहऱ्यावर कसलाच आनंद नाही. म्हणाले, "आता ती भजनं लावा."

गुरुजी म्हणाले, "भजनं नाई साहेब. बाहेरदेशच्या नाटकातलं गानं आहे."

"तबकडी दाखवा."

साहेबांनी तबकडीवरचं लेबल डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, उलटून पाहिलं. ते इंग्रजी नव्हतंच. तिकडच्याच कुठल्या दुसऱ्या भाषेत होतं. साहेबांना वाचता आलं नाही. 'वाचता येत नाही' म्हणाले असते तर संपलं असतं. त्यांनी तबकडी गुरुजींकडे ढकलली आणि म्हणाले, "लावा."

गुरुजींनी ती पुसली आणि लावली. पोरं सवयीनं सैल बसली, काहींनी डोळे मिटले. साहेब मालगुजाराशी बोलू लागले, या वर्षी धान कसं आहे, तळ्यात पाणी किती आहे. मोठ्यानं. आणि समोर बसलेली भुरी तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "साहेब, सरलं नाई अजून."

तिनं उद्धटपणा केला नव्हता हो. दोन वर्षांत त्या पोरांना एकच नियम शिकवला होता, तो तिनं पाहुण्याला सांगितला. नवं पोर वर्गात आलं तर त्यालाही ती असंच सांगायची. साहेबांचा चेहरा तांबडालाल झाला. गाणं सरेपर्यंत ते बोलले नाहीत, हे खरं. सरल्यावर म्हणाले, "ये इकडे. फार कळतं ना तुला? कोणता राग होता हा?"

भुरी म्हणाली, "मालूम नाई."

"ताल?"

"मालूम नाई."

"मग काय कळलं?"

"तिचा मानूस तळ्यात गेला. ते बलावून राह्यली. तिले मालूम आहे का तो येत नाई, तरी बलावून राह्यली." आणि मग सवयीनं, मान ताठ करून, "मी भुरी सुकरू मारबते."

साहेब हसले. मालगुजार हसला. अहो, दोघं पोट धरून हसले त्या पोरीला. मालगुजाराला तर ठाऊक होतं सुकरू कुठे गेला ते. त्याच्याच तळ्यात गेला होता. भुरीनं एकदा गुरुजींकडे पाहिलं आणि ती आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. आज इतकी वर्षं झाली, ते हसणं आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मग साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. संगीताच्या परीक्षाही दिल्यात म्हणे. या तासात मुलं काय शिकतात, तुम्ही सांगा."

सगळं माझ्या जिभेवर होतं. भुरी बोलायला लागली ते मी पाहिलं होतं. मी नुसतं तेवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण साहेबांच्या हातात माझं कायम होणं होतं, आई डोळ्यांसमोर आली, भाऊ आले. मी म्हटलं, "मला माहीत नाही, साहेब."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते फोनोची चावी काढत होते.

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं की निरर्थक गोष्टीत मुलांचा वेळ जातो, शिस्त ढासळली आहे, फोनो शाळेत असल्यानं तो शाळेचा, आणि तो समितीच्या अध्यक्षांच्या ताब्यात सुरक्षित ठेवावा. सुरक्षित. महिन्याभरात गुरुजींच्या बदलीचा हुकूम आला, एटापल्लीच्या जंगलात. जाताना कोणाला शिव्या दिल्या नाहीत, कोणाच्या पाया पडले नाहीत. गाडीत ट्रंक ठेवली आणि मला एवढंच म्हणाले, "बाई, भुरीले सोडू नोका."

मी सोडलं नाही, पण तीच सोडून गेली. हसण्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती कोपऱ्यातच बसायला लागली, गुरुजी गेल्यावर यायचीच बंद झाली. मी चार वेळा वस्तीत गेले. आई म्हणाली, "बाई, ते आता घरीबी बोलत नाई. शाळेत येऊन काय करन?" रोवणीचे दिवस होते. भुरी बांधावर उभी होती, पायाला चिखल. मी तिला हाक मारली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली वाकून परत धान लावायला लागली.

फोनो मालगुजाराच्या मांडवात वाजला. गुरुजी म्हणाले तसंच झालं, एक सुई चार दिवस. मग चावी तुटली. तबकड्या उन्हात पडून वाकल्या. मी एकदा काही कामासाठी त्या घरी गेले तर ओसरीवर पाण्याच्या रांजणावर त्या बाईची तबकडी झाकण म्हणून ठेवली होती, वर पितळी गडू. मालगुजाराच्या सुनेनं मला त्यातलंच पाणी दिलं. मी प्यायले नाही. बोलले मात्र काहीच नाही, तेव्हाही नाही.

दोन वर्षांनी निवडणुकीच्या कामाला शिक्षकांना जुंपलं आणि माझी पाळी एटापल्लीच्या बाजूला आली. मी गाडीवानाला वाट वाकडी करायला लावली. शाळा म्हणजे चार बांबूंवर गवताचं छप्पर, कुडाच्या भिंती कंबरेपर्यंत. आत माडिया आदिवासींची पोरं. त्यांना मराठी येत नव्हती, गुरुजींना त्यांची भाषा अर्धीमुर्धी. गुरुजी केसांनी पांढरे झाले होते, वाळले होते. मला पाहून बाहेर आले. पाणी दिलं, बसा म्हणाले. आणि पहिला प्रश्न, "भुरी?"

"येत नाही," मी म्हटलं. "तुम्ही गेल्यापासून नाही. बोलतही नाही पहिल्यासारखी."

दोन पोरं कुडावरून डोकावून माझ्याकडे पाहत होती. मला राहवलं नाही. दोन वर्षं जे दाबून ठेवलं होतं ते सगळं मी तिथे उभ्या उभ्या सांगून टाकलं. म्हटलं, गुरुजी, त्या दिवशी मी खोटं बोलले. मला माहीत होतं. त्या तासानं भुरीला वाचा आली हे मला माहीत होतं. पोरं दुसऱ्याचं सरेपर्यंत थांबायला शिकली, हसण्याआधी ऐकायला शिकली, आपल्याला जे दिसलं ते न भिता सांगायला शिकली. मी पेटी शिकले पण ऐकायला त्या पोरांत बसून शिकले. हे सगळं मला माहीत होतं आणि मी नाही म्हटलं, नोकरीला भिऊन. बोलता बोलता मी रडायला लागले होते. मला वाटलं आता ते म्हणतील, जाऊ द्या बाई, झालं ते झालं. माझ्या मनाची तेवढीच तयारी होती.

गुरुजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी डोळे पुसले, तरी ते थोडा वेळ थांबले, माझं खरंच सरलं की नाही ते पाहत.

मग म्हणाले, "हे मले काऊन सांगून राह्यल्या बाई? मले तं मालूमच होतं."

आणि आत गेले. त्या शाळेला दार नव्हतं, तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं असं काही म्हणता येत नाही. मी बाहेर उभी राहिले. आत पोरं मोठ्यानं काहीतरी वाचत होती, आणि गुरुजी माझ्याकडे पाठ करून ते ऐकत होते.